कुरुंदवाडचा कीर्तनकारपुत्र : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

श्रीक्षेत्र गाणगापूर आणि श्रीक्षेत्र नरसोबाची वाडी ही दत्तभक्तांची दोन माहेरे होत. हैदराबादकडील भाविकांना त्यांपैकी गाणगापूर अधिक जवळचे. भीमा-अमरजेच्या संगमावरील ते क्षेत्र १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातच मोडत होते आणि आज ते कर्नाटकात असले तरी इकडील घराघरांतून पौर्णिमेची वारी चालू आहे. वाडीची यात्रा त्या मानाने लांबची. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापुरास येण्यापूर्वी बारा वर्षे जेथे राहिले, त्या कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पोहोचावयाचे म्हणजे मिरजेची वाट धरावी लागते. यात्रिक तेथे स्नान करतो, औदुंबरातळीच्या मनोहर पादुकांचे दर्शन घेतो, सायंकाळी पदे म्हणत निघणाऱ्या पालखीबरोबर प्रदक्षिणा करतो आणि प्रसादाचे पेढे बांधून परततो. पंचगंगा ओलांडून पलीकडच्या कुरुंदवाड गावी जाण्याचे मात्र थोड्यांनाच सुचते. वाडीपासून ते गाव अगदी हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या देशातील संगीताला रावांच्या दिवाणखान्यातून बाहेर आणून सामान्य गृहस्थाच्या ओसरीवर बसविणारा पुरुष त्या गावी जन्मला आणि त्याच्या आयुष्याला जे वळण लागले ते वाडीच्या दत्तजयंतीतच लागले. म्हणून दत्तभक्तांनी तरी पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र जाणून घेणे उचित होय.

कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या जहागिरीचे गाव. थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन वाटण्या झालेले ते संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. आज ते कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात आहे. काळी कसदार जमीन, उसाचे मळे, कुस्तीचे आखाडे आणि नदीकाठचा घाट ही त्या गावाची ओळख. मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे यांची समाधीही त्याच परिसरात आहे. दोन्ही नद्यांना पूर आला म्हणजे वाडीच्या देवळात पाणी शिरते, पादुकांवरून प्रवाह वाहू लागतो आणि भाविक त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणून त्यात स्नान करतात. तेच पाणी कुरुंदवाडच्या गल्ल्यांतूनही हिंडते. २०१९ सालच्या महापुरात तर त्या सगळ्या टापूची दैना झाली. नदीने दिलेले आणि नदीने नेलेले अशा दोन्ही गोष्टी तेथील माणसांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत.

अशा गावी दिगंबर गोपाळ पलुसकर हे कीर्तनकार राहत असत. त्यांचे मूळ आडनाव गाडगीळ. परंतु घराणे कृष्णाकाठच्या पलूस गावचे, म्हणून लोक त्यांना पलुसकर म्हणू लागले. संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. त्यांच्या पत्नी गंगाबाई. या दांपत्याच्या पोटी १८ ऑगस्ट १८७२ रोजी, श्रावणी पौर्णिमेस, विष्णूचा जन्म झाला.

विष्णूच्या बालपणाचा विचार करताना कीर्तन म्हणजे काय, हे थोडे ध्यानी घेतले पाहिजे. हरदासी कीर्तनात पूर्वरंगास एखादा अभंग निरूपणाला घेतात, उत्तररंगात आख्यान लावतात, आणि त्या दोहोंमध्ये साकी, दिंडी, आर्या, ओवी, पद असे गाण्याचे नाना प्रकार येतात. कीर्तनकाराला राग ठाऊक असावा लागतो, ताल ठाऊक असावा लागतो, आणि याखेरीज समोर बसलेल्या म्हातारीला व पोरालाही आपले गाणे समजले पाहिजे याची काळजी वाहावी लागते. त्याला आमंत्रित श्रोते नसतात. देवळाच्या सभामंडपात जो येऊन बसेल तो श्रोता. राजा पुढे बसला असला तरी कीर्तनकार उभा असतो तो देवापुढे, आणि बुक्का लावून घेणारे त्याच्या पायांना हात लावतात, मग त्यांत राजाही आला. गाणारा माणूस पूज्य असू शकतो, ही गोष्ट विष्णूने शाळेत पाटी धरण्याच्या वयात घरीच पाहिली होती. पुढे मिरजेत त्याला जे पाहावे लागले ते याच्या अगदी उलट होते, आणि या दोन दृश्यांतील अंतर तोडण्यातच त्याचे सारे आयुष्य खर्ची पडले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

विष्णू गावच्या शाळेत जाऊ लागला होता. एका वर्षी मार्गशीर्षात वाडीस दत्तजयंतीचा उत्सव भरला. उत्सवात शोभेची दारू उडविण्याची चाल तेव्हाही होती. गर्दीत एक फटाका त्या बालकाच्या तोंडापाशी फुटला आणि दोन्ही डोळे भाजले. आसपास उपचाराची सोय नव्हती. मिरजेतील डॉक्टर वान्लेस यांचे मिशन रुग्णालय, ज्याने पुढे साऱ्या दक्षिण महाराष्ट्राला आधार दिला, ते उघडले १८९४ साली. या मुलाला त्याचा काय उपयोग? मिरजेस डॉक्टर भडभडे यांच्याकडे त्याला नेण्यात आले. दीर्घ उपचारांनंतर काही दृष्टी आली. परंतु शाळा सुटली ती सुटलीच. पुस्तकी विद्येचा मार्ग बंद झालेल्या ब्राह्मणाच्या मुलाने त्या काळी करावे तरी काय, हा प्रश्न आईबापांपुढे उभा राहिला असेल. उत्तर दिले ते डॉक्टरांनी. मुलाचा गळा चांगला आहे हे त्यांनी हेरले आणि त्याला गाणे शिकवावे असे सुचविले. मिरजेचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांनी हे मनावर घेतले आणि विष्णूला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या स्वाधीन केले.

देवाच्या दारी, देवाच्या उत्सवात बालकाचे डोळे जावेत, याचा अर्थ कोणी काय लावावा? श्रद्धाळू मन यात गुरूंची योजना पाहते, आणि पुढील चरित्र पाहता त्यास आधारही सापडतो. परंतु त्या रात्री वाडीहून कुरुंदवाडास पोर उचलून नेणाऱ्या पित्याला योजना दिसली नसणार. ज्याचे घर दत्तनामाच्या गजरात वाढले त्याच्यावरच हा घाला पडला. तरी दिगंबरबुवांचे कीर्तन सुटले नाही आणि विष्णूची भक्तीही आटली नाही, एवढे मात्र खरे.

बाळकृष्णबुवा हे ख्यालगायनाची ग्वाल्हेर परंपरा महाराष्ट्रात आणणारे आद्य पुरुष. कोल्हापूर प्रांतीच्या चंदूर गावचा हा तरुण विद्येसाठी उत्तरेस गेला, वासुदेवबुवा जोशी यांच्या घरी राहिला आणि हस्सूखाँसाहेबांपासून वासुदेवबुवांना मिळालेली गायकी घेऊन दक्षिणेत परतला. गुंडूबुवा इंगळे, मिराशीबुवा, अंतूबुवा जोशी असे एकाहून एक सरस शिष्य त्यांनी तयार केले. त्यांच्याकडचे शिक्षण सोपे नव्हते. त्या काळी गुरूच्या घरी राहून पाणी भरावे, कामे करावीत, आणि गुरूच्या मनास येईल तेव्हा तंबोरा घेऊन बसावे, अशी रीत होती. काही लिहून दिले जात नसे; कानाने घ्यावे आणि गळ्याने घटवावे. मंद दृष्टीच्या विद्यार्थ्याला ही पद्धत एका अर्थी अनुकूलच पडली असणार. राजाश्रयामुळे विष्णूला पोटाची चिंता नव्हती, आणि तो तासन् तास मेहनत करी. १८९६ पर्यंत हे शिक्षण चालले.

त्याच सुमारास एक प्रसंग घडल्याचे त्यांचे शिष्य सांगत आले आहेत. मिरजेत एक समारंभ होता. गावातील प्रतिष्ठितांना निमंत्रणे गेली, आणि महाराजांच्या मर्जीतील म्हणून तरुण विष्णुबुवांनाही आले. गुरुजींना बोलावणे आहे काय, अशी त्यांनी चौकशी केली. तेव्हा ते तर गवई, त्यांना निमंत्रण कशाला, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ज्या बाळकृष्णबुवांच्या विद्येवर मिरजेचे नाव गाजत होते, त्यांना पंगतीत पाट नव्हता. गवई म्हणजे बिदागी घेऊन मुजरा करणारा नोकर, मग त्याची विद्या कितीही थोर असो, अशी समजूत त्या काळच्या शिष्ट समाजात रूढ होती. आणि गवयांच्या व्यसनांनी व वर्तनाने ती बळकट होण्यास मदतही झाली होती, हेही नाकारून चालणार नाही. कीर्तनकाराच्या मुलाच्या मनाला हा घाव फार खोल लागला.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गुरुशिष्यांत या वेळी काही दुरावा आला होता. असा दुरावा त्या काळच्या गुरुगृहांत दुर्मिळ नव्हता, आणि त्याचा दोष एकाच्या पदरी बांधण्यात अर्थ नाही. पुढे विष्णुबुवांनी शेकडो विद्यार्थ्यांना जी विद्या दिली ती बाळकृष्णबुवांचीच होती, यातच काय ते आले.

बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असा त्यांचा प्रवास झाला. सौराष्ट्रात असताना त्यांनी एक धाडस केले. तिकीट लावून जाहीर गाणे केले. आज यात नवल वाटत नाही. परंतु त्यापूर्वी गाणे ऐकावयाचे तर राजाचे, सरदाराचे अथवा धनिकाचे निमंत्रण लागे. पैसा टाकून कोणीही यावे, बसावे आणि ऐकावे, ही कल्पना विलायती खरी. पण तिच्या पोटात कुरुंदवाडच्या देवळातला सभामंडप होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. मथुरेस त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला, कारण ख्यालांच्या व धृपदांच्या चिजा त्या भाषेत असतात आणि अर्थ न समजता गाणे त्यांना मानवणारे नव्हते. तेथून दिल्ली, पंजाब करीत ते लाहोरास पोहोचले.

५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. तोपर्यंत संगीतविद्यालये संस्थानिकांच्या पदरी निघत होती; लोकांच्या वर्गणीवर आणि संस्थापकाच्या स्वतःच्या मिळकतीवर उभे राहिलेले हे विद्यालय म्हणजे नवीच गोष्ट होती. प्रारंभी विद्यार्थी मिळेनात. सभ्य घरातील बाप आपल्या मुलाला गाणे शिकावयास धाडील तर शेजारी काय म्हणतील, ही भीती होती. बुवांनी धीर सोडला नाही. त्यांनी अभ्यासक्रम आखला, वर्ग पाडले, परीक्षा ठेवल्या, प्रार्थना सुरू केली, वेषाची व वागणुकीची शिस्त घातली. स्वरलेखनाची एक पद्धत बसविली, छापखाना घातला, क्रमिक पुस्तके काढली, नियतकालिक चालविले, वाद्ये दुरुस्त करण्याची सोय केली. स्त्रियांनाही शिकविण्याची व्यवस्था केली. परंतु सर्वांत दूरदृष्टीची योजना म्हणजे उपदेशकवर्ग. यातील विद्यार्थ्यांना राहणे, जेवण आणि शिक्षण विनामूल्य मिळे. त्यांनी दीर्घ मुदतीपर्यंत शिकावयाचे आणि नंतर संगीताचा प्रसार करावयाचा, असा करार असे. एखाद्या धर्मपीठाने आपले उपदेशक तयार करावेत त्याच धर्तीची ही रचना होती. खर्च भागविण्यासाठी बुवा गावोगाव गाणी करीत आणि मिळेल ते विद्यालयात ओतीत.

१९०८ साली मुंबईस विद्यालय आले. येथे त्याचा विस्तार मोठा झाला, सँढर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली, आणि तिच्याबरोबर कर्जही उभे राहिले. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर, नारायण मोरेश्वर खरे ही नररत्ने याच छत्राखाली घडली.

विष्णुबुवांनी चिजांच्या शब्दांतही हात घातला. शृंगाराची भाषा ज्यात उघडी वाटली तेथे त्यांनी शब्द बदलून भक्तिपर केले. याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. जुन्या बंदिशींतील नटवा रंग त्यामुळे फिका पडला, असे कित्येकांना वाटते आणि त्यात तथ्य नाही असे नाही. त्यांच्या स्वरलेखनापेक्षा भातखंडे यांची पद्धत सुटसुटीत ठरली, हेही मान्य करावे लागते. परंतु घरातील मुली आणि सुना तंबोऱ्यापाशी बसू लागल्या त्या या बदललेल्या शब्दांच्या आधारानेच. ज्या बापाला मुलीच्या तोंडी लटके रुसवे नको होते त्याला रामाचे नाव चालत होते.

राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांना वर्षानुवर्षे मिळाला. १९२३ सालच्या डिसेंबरात आंध्र प्रांती काकीनाडा येथे अधिवेशन भरले. अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गाण्याला हरकत घेतली. धर्माच्या दृष्टीने त्यांना ते संमत नव्हते. हे राष्ट्राचे व्यासपीठ आहे, कोणा एका धर्माचे स्थान नव्हे, अशी भूमिका घेऊन विष्णुबुवांनी गाणे पुरे केले. बुवा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, भगवी वस्त्रे परिधान केलेले होते. ज्या तरुणाने मिरजेत गुरूचा अपमान मुकाट्याने गिळला होता तो आता हजारो लोकांपुढे अध्यक्षांस अडवू शकत होता. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या गायकीवर ते उभे होते ती हस्सूखाँसारख्या मुसलमान उस्तादांनी घडविलेली होती. काकीनाड्याच्या प्रसंगाचा उपयोग कोणी दोन समाजांत अंतर पाडण्यासाठी करू लागला, तर तो त्या परंपरेचाच अनादर ठरेल.

भगवी वस्त्रे आली ती सहज आली नव्हती. त्यांचे प्रपंचातील दुःख मोठे होते. अपत्यांमागून अपत्ये गेली. १९२१ साली झालेला पुत्र तेवढा वाचला. त्याचे नाव त्यांनी दत्तात्रेय ठेवले. डोळे गेले तो दिवस दत्तजयंतीचा; वंश राहिला तो दत्ताच्या नावाने. वाडीच्या देवाशी असलेला हा हिशेब त्यांनी कधी बोलून दाखविला की नाही कोण जाणे. परंतु वाडीस जाणाऱ्या भाविकाने पादुकांपुढे उभे राहिल्यावर हे नाव आठवावे.

तुलसीरामायण हा त्यांचा नित्यपाठ झाला. १९२२ मध्ये नाशिकच्या पंचवटीत त्यांनी रामनाम-आधार-आश्रम स्थापिला आणि रामकथेत ते रमू लागले. पित्याने जे कुरुंदवाडात केले तेच पुत्र पंचवटीत करू लागला. उभे राहून देवाची कथा सांगावयाची आणि गावयाची. इकडे मुंबईत कर्जाचे व्याज चढत होते. बुवांचे लक्ष द्रव्यावर राहिले नव्हते, आणि सावकाराला रामनामाचे व्याज चालत नाही. अखेर विद्यालयाची इमारत सावकारांच्या हाती जाऊन तिचा लिलाव झाला. वीस वर्षांच्या घामावर पाणी पडले. व्यवहारी माणसे म्हणतील की, त्यांनी हिशेबाकडे पाहावयास हवे होते. आणि ती खरेच म्हणतील. ज्यांनी विद्यालयावर विश्वास ठेवला होता त्या विद्यार्थ्यांची त्या वेळी झालेली परवड लहान नव्हती.

परंतु उपदेशकवर्गाचा लिलाव होऊ शकत नव्हता. शिष्य देशभर पांगले होते. त्यांपैकी खरेशास्त्री महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात होते. आश्रमाची प्रार्थना आणि भजने त्यांनी स्वरांत बसविली, आणि १९३० साली दांडीच्या वाटेवर ते स्वतः पायी चालले. रघुपति राघव ही रामधून आज लहान मुलांच्या तोंडी ज्या चालीत आहे, ती विष्णुबुवांची म्हणूनच ओळखली जाते. तिकिटे लावून ज्यांनी संगीत लोकांना दिले, त्यांचे सर्वांत अधिक पसरलेले गाणे असे बिनतिकिटाचे आहे.

१९३१ साली प्रकृती खालावली तेव्हा ते मिरजेस होते. ज्या गावी दृष्टीवर उपचार झाले, जेथे तंबोरा हाती आला, जेथे गुरूचा उपमर्द पाहिला, त्याच गावी २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांनी देह ठेवला. वयाला एकोणसाठ वर्षे पुरी होऊन तीन दिवस झाले होते. जन्मगाव कुरुंदवाड तेथून फार दूर नाही. निम्म्या दिवसाच्या चालीवर कृष्णा वाहते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहमदाबादेस शिष्य जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढील वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यास विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर काशी विश्वविद्यालयातील संगीताचे प्रमुख झाले. मंडळाच्या परीक्षांना बसलेली मुले आज भारताच्या कोणत्याही शहरात भेटतात. त्यांच्या गळ्यातील पहिला भूप अथवा यमन ज्या रीतीने त्यांना शिकविला गेला, त्या रीतीचा उगम लाहोरच्या त्या वर्गांत आहे.

दत्तात्रेय त्या वेळी दहा वर्षांचा होता. विनायकराव आणि नारायणराव व्यास या पित्याच्या शिष्यांनी त्याला शिकविले, आणि तो बापूराव पलुसकर या नावाने प्रख्यात झाला. त्याच्या गाण्यात पित्याचे ओज होते की नाही, हे ज्यांनी दोघांनाही ऐकले त्यांनीच सांगावे. माधुर्य मात्र त्याचे स्वतःचे होते. मैफलीच्या अखेरीस तो भजन म्हणे, आणि रागदारीसाठी आलेले श्रोते त्या भजनासाठी थांबून राहत. १९५५ सालच्या ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. त्याच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत, आणि त्यांतील रामाची भजने पहाटेच्या वेळी अनेक देवघरांतून अजून लावली जातात.